घरच्या फोटोंवर काम करताना या चुका टाळा

घरचे जुने फोटो समोर ठेवून कोलाज करायचा, चित्रं काढायची आणि त्यावर मोकळं बोलायचं, अशा बैठकीत या चुका होतात. पहिली चूक कात्रीची. कोलाज करायचा म्हणून मूळ फोटोच कापला जातो. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढं फेटा बांधून बसलेल्या आजोबांचा फोटो बहुतेक घरांत एकच असतो, निगेटिव्ह तर कधीच गेलेली असते. आधी स्कॅन करा, फोटो लहान असेल तर ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ६०० ठिपके). मग कापणं, रंगवणं, टाके घालणं सगळं प्रिंटवर. मूळ फोटोमागं बॉलपेननं नावं लिहू नका, अक्षरं पुढच्या बाजूला उमटतात.

कोल्हापुरात पुराचा विषय येतोच. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगा घरात शिरली तेव्हा शहरात, चिखली-आंबेवाडीत कितीतरी अल्बम चिखलात गेले. फोटोच्या वरच्या थरात जिलेटिन असतं. ते पाण्यानं फुगतं आणि वाळताना डिंकासारखं शेजारचा फोटो धरून ठेवतं. म्हणून फोटो ओले असतानाच स्वच्छ गार पाण्यात अलगद सोडवा आणि उताणे ठेवून सावलीत वाळवा. एकदम सगळे जमत नसतील तर मध्ये मेणकागद घालून फ्रीजरमध्ये ठेवा. चिकटून वाळलेले मात्र ओढू नका.

डाग काढून देणारी ॲप्सही जपून वापरा. गेलेला भाग ती अंदाजानं भरतात. आजीच्या हनुवटीवरचं गोंदण पुसलं गेलं तर ती आपली आजी राहत नाही. डागासकटचं स्कॅन वेगळं ठेवाच. कुणासाठी तो डाग हीच सांगायची गोष्ट असते.

पण सगळ्यांत मोठं नुकसान होतं ते दुसऱ्याच्या फोटोचा अर्थ आपण सांगितल्यानं. "काकू, किती खूश दिसताय हो!" म्हटलं की काकू "होय की" म्हणतात आणि पान उलटतात. विषय संपला. त्याऐवजी "हा काढला कुणी? त्या वेळी घरात कोण नव्हतं?" एवढं विचारा आणि गप्प बसा. फोटोच्या कडेला त्यांच्या खांद्यावर ठेवलेला कुणाचा तरी हात असतो, बाकीचा माणूस फाडून टाकलेला. बोट तिथं थांबतं. त्या वेळी "हे कोण?" असंसुद्धा विचारू नये, सांगायचं असेल तर त्या सांगतील. व्हँकुव्हरच्या मानसशास्त्रज्ञ ज्युडी वायझर यांनी उभ्या केलेल्या फोटोथेरपीचा, म्हणजे फोटोंच्या आधारानं करायच्या समुपदेशनाचा, पायाच हा आहे: फोटोचा अर्थ बघणारा लावतो, आणि समुपदेशकानं तो त्याच्याकडूनच ऐकायचा असतो.

अल्बमला पुरावा मानणं हीसुद्धा चूकच. त्यात बारसं असतं, लग्न असतं, जोतिबाची यात्रा असते. आजारपण, वाटणीवरून झालेलं भांडण, भांडी घासणारी आई नसते. ब्रिटिश छायाचित्रकार जो स्पेन्स (१९३४–१९९२) यांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. १९८० च्या दशकात रोझी मार्टिन यांच्याबरोबर काम करताना त्यांनी आपल्याच घरातल्या माणसांच्या भूमिका वठवून, अगदी आईचे कपडे घालून, अल्बममध्ये नसलेले फोटो काढले. आपल्याला एवढं करायची गरज नाही. कोऱ्या कागदावर 'न काढलेला फोटो' रेखाटायला सांगा. माझ्या मते अल्बमवरून करण्यासारखा याहून चांगला सराव नाही.

परवानगीबद्दल थोडक्यात: फोटोत आणखी माणसं आहेत. बैठकीतला फोटो स्टेटसला टाकायचा नाही, प्रदर्शनात लावायचा तर त्यांना विचारून.

आणि सुरुवात हार घातलेल्या फोटोपासून करू नका. रंकाळ्यावरचा, शाळेतला, जुन्या घराच्या अंगणातला असा साधा फोटो आधी घ्या. कुणी "नको" म्हणालं तर तिथंच थांबा. घरी बसून अल्बमवर चित्रं काढणं वेगळं आणि प्रशिक्षित समुपदेशकासोबतचा उपचार वेगळा. बैठकीनंतर झोप उडाली, तेच तेच डोळ्यांपुढं येत राहिलं तर फोटो बाजूला ठेवा आणि समुपदेशकाला गाठा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि दिवसरात्र सुरू असतो.