गारपिटीचे दिवस: काढणी, बाग आणि जनावरे कशी सांभाळावीत

2014 साली फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत थांबली नाही. विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्रातल्या कित्येक गावांना तिने एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा झोडपले. गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षे, डाळिंब असा सगळा माल ऐन काढणीला आलेला होता. 11 फेब्रुवारी 2018 ला जालना, बीडसह मराठवाडा-विदर्भात तेच झाले. 2023 च्या मार्चमध्ये दोन फेऱ्या आल्या आणि त्याच वर्षी 26 नोव्हेंबरला निफाड परिसरातल्या द्राक्षबागा गारांखाली सापडल्या. नोव्हेंबरचा तो फटका अवेळीच होता, पण बाकीच्या तारखा पाहिल्या तर फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून एप्रिलपर्यंत गारपीट गृहीत धरूनच काढणीचे नियोजन करायला हवे.

या काळात वरच्या थरात उत्तरेकडची थंड, कोरडी हवा असते. खाली समुद्रावरून आलेले बाष्प आणि दुपारपर्यंत तापलेली जमीन. त्यामुळे ढग झपाट्याने उंच चढतात आणि गारा बहुधा दुपारी तीन ते रात्री आठच्या दरम्यान पडतात. हवेत पाणी गोठते ती पातळी (शून्य अंश तापमानाची उंची) मेपेक्षा बरीच खाली असल्याने गार वाटेत फारशी वितळत नाही. म्हणून हवामान खात्याचा इशारा असेल त्या दिवशी कापणी, मळणी, वाहतूक दुपारी दोनच्या आत आटोपेल अशी मजुरांची वेळ ठरवा.

हरभऱ्याचे बहुतेक घाटे वाळले की उरलेल्या हिरव्या घाट्यांसाठी थांबू नका. पहाटे घाटे मऊ असतात तेव्हा काढा, गळ कमी होते. गव्हाला इशाऱ्याच्या दिवशी पाणी देऊ नका. भिजलेल्या जमिनीत मुळांची पकड सुटते आणि वाऱ्याने पीक लोळते. सुडी (कापलेल्या पिकाची रास) शेतात ठेवावीच लागली तर दगड-फळ्यांवर उंच रचा, भोवती चर काढा. ताडपत्री नुसत्या दगडांनी दाबली तर पावसाआधीच्या वावटळीत उडते. दोर सुडीवरून घेऊन खुंट्यांना बांधा. हिंगोली, नांदेडकडे शिजवून पसरलेली हळद पुन्हा भिजली की रंग जातो आणि बुरशी धरते. तिची ताडपत्री खळ्याशेजारीच ठेवा.

गार पडत असताना पिकासाठी काही करता येत नाही. मात्र त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत जे सडते आणि जो रोग शिरतो, ते नुकसान बरेच टाळता येते. पहिले काम साचलेले पाणी बाहेर काढणे. मुळांना हवा मिळाली नाही तर गारेतून वाचलेले झाडही पिवळे पडते.

सर्वांत जास्त जपायचे ते डाळिंब. गारेने फांदीवर आणि फळावर जखमा होतात, पावसाचे थेंब तेल्या रोगाचे जिवाणू त्यात नेऊन सोडतात. मोडलेल्या फांद्या जखमेच्या खाली निरोगी भागात कापा, प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक करा, फुटलेली फळे बागेबाहेर नेऊन नष्ट करा. झाडावर फळे असतील तर 0.5 टक्के बोर्डो मिश्रणाची फवारणी पुरेशी: 500 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 500 ग्रॅम चांगला चुना 100 लिटर पाण्यात. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवा, लोखंडी बादली वापरू नका. मिसळल्यावर घासून स्वच्छ केलेला विळा मिश्रणात थोडा वेळ बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे आहे, म्हणजे पाने आणि फळे करपतील. थर येईनासा होईपर्यंत चुन्याची निवळी घाला. हे मिश्रण त्याच दिवशी संपवा, त्यात दुसरे औषध मिसळू नका. खोडावरच्या मोठ्या जखमांना 10 टक्के बोर्डो मलम लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. झाड लवकर सावरावे म्हणून युरियाचा मोठा हप्ता देऊ नका. कोवळी फूट आली की तेल्याला आयतेच खाद्य मिळते.

द्राक्षात फुटलेल्या मण्यांचा रस शेजारच्या मण्यांवर ओघळतो आणि अख्खा घड सडतो. म्हणून फुटके मणी कात्रीने काढा, निम्म्याहून जास्त फुटलेला घड उतरवूनच टाका. तोडणी जवळ असेल तर घाईने रासायनिक फवारणी करू नका. औषधाचा अंश राहिला तर निर्यातीचा माल नाकारला जातो. खरड छाटणीनंतर (एप्रिलमधली छाटणी) गार पडली तर तिचा फटका पुढच्या हंगामालाही बसतो, कारण पुढचे घड याच काड्यांच्या डोळ्यांत तयार होत असतात. काड्या किती राखायच्या हे वेलीवेलीने पाहून ठरवा.

गारेचा मार लागलेला कांदा चाळीत भरू नका, तो वेगळा ठेवून लवकर विका. भिजलेली ज्वारी काळी पडते. बुरशी आलेला कडबा जनावरांना घालू नका.

ढगांवर डागायच्या गारपीटरोधक तोफांचा उपयोग होतो असे कुठेही सिद्ध झालेले नाही. तो पैसा आधार भक्कम असलेल्या जाळीवर घालणे बरे.

विजेच्या बाबतीत मात्र पिकाचा विचार बाजूला ठेवा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत 30 सेकंद किंवा कमी लागले तर वीज 10 किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटे बाहेर पडू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे दामिनी ॲप फोनमध्ये असू द्या. पंपाच्या मोटारीचा स्टार्टर, तारेचे कुंपण, एकटे झाड यांपासून लांब राहा. जनावरे झाडाखाली बांधू नका: वीज झाडातून जमिनीत पसरते आणि जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने प्रवाह थेट छातीतून जातो.

नुकसान झाल्यावर बाग साफ करण्याआधी सातबाऱ्यावरच्या गटात उभे राहून, ठिकाण व वेळ दिसेल असे फोटो काढा आणि ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) आणि सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) यांना लेखी कळवा. दगावलेल्या जनावराचे शवविच्छेदन पशुवैद्यकाकडून करून घेतल्याशिवाय ते पुरू नका. फळपीक विम्यात गारपिटीचे संरक्षण ऐच्छिक असते, त्याचा हप्ता वेगळा असतो. ते घेतले असेल तर 72 तासांच्या आत कंपनीला सूचना द्या आणि सूचनेचा क्रमांक लिहून ठेवा.