रेटमध्ये हार्नेस धरला का?

नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतलं, कंत्राटदार म्हणून माझं पहिलं काम कारखान्याच्या गेटवरच दोन दिवस अडलं. आठ माणसं, भाड्याचा छोटा हत्ती, वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, सगळा लवाजमा घेऊन बुधवारी सकाळी साडेसातला पोचलो. सिक्युरिटीवाला म्हणाला, "हाइट पास दाखवा." म्हणजे उंचीवर चढून काम करायचा पास. मी म्हटलं, तो बनवायलाच तर आलो. त्याने भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. आधी मेडिकल, मग सेफ्टी ट्रेनिंग, मग मशीनची तपासणी, मग पास आणि सगळ्यात शेवटी परमिट, म्हणजे त्या दिवसाच्या कामाची लेखी परवानगी. ट्रेनिंग मंगळवारी आणि शुक्रवारी. आठ जणांची दोन दिवसांची मजुरी, गाडीचं भाडं, चहा-नाश्ता सगळं माझ्या खिशातून गेलं. वर्क ऑर्डरच्या अकराव्या पानावर हे सगळं छापलेलं होतं. मी रेट आणि पेमेंटची अट तेवढी वाचली होती.

तेव्हापासून हिंगणा, बुटीबोरी, कधी कोराडीकडे, शेड आणि फॅब्रिकेशनची कामं करतो आहे. आयटीआय किंवा डिप्लोमा करून स्वतःचं कंत्राट सुरू करणारी पोरं अधूनमधून विचारायला येतात. त्यांचा पहिला प्रश्न असतो, "भाऊ, कागदं कोणकोणती लागतात?" मी उलट विचारतो, रेट काढताना सेफ्टीचे किती धरले? बहुतेक वेळा उत्तर येतं, "ते त काहीच नाही धरले."

गेटवरची कटकट नीट समजून घ्या, म्हणजे राग कमी येतो. १९४८ च्या जुन्या कारखाने अधिनियमातही 'कामगार' या शब्दात कंत्राटदारामार्फत आलेला माणूस धरलेला होता. तुमचा हेल्पर पडला की औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी आधी कारखान्याच्या ऑक्युपायरला (कायद्याने कारखान्याला जबाबदार असलेल्या माणसाला) आणि मॅनेजरला धरतात. म्हणजे तुमच्या चुकीसाठी कोर्टाच्या पायऱ्या तो चढणार. मग तो तुमच्या माणसाचा बीपी गेटवर मोजणार नाही तर काय करणार?

कागदांचं थोडक्यात सांगतो. पीएफ आणि ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) कोड, प्रत्येक माणसाचा नंबर, अपघात विम्याची पॉलिसी (तिला अजून सगळे डब्ल्यूसीच, म्हणजे वर्कमेन्स कॉम्पेन्सेशनच म्हणतात), हजेरी आणि पगाराचं रजिस्टर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात कंत्राटी परवान्यासाठी ५० माणसांचा आकडा आहे आणि प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं आहे. "आमची दहाच माणसं आहेत, आम्हाला काही लागत नाही" हे वाक्य गेटवर चालत नाही. कंपनी स्वतःच्या नियमाने मागते, आणि तिचा नियम कायद्यापेक्षा कडक असला तर भांडून उपयोग नाही.

यातल्या एका कागदाने मला चांगलंच शिकवलं. कंपनीचं नाव घेत नाही, चूक माझी होती. जुनी सिमेंटच्या पत्र्यांची शेड, फुटलेले पत्रे बदलायचे. अशा शेडमध्ये उजेडासाठी मधेमधे फायबरचे पारदर्शक पत्रे असतात. दहा-पंधरा वर्षांची धूळ बसली की वरून तो पत्रा आणि सिमेंटचा पत्रा एकसारखाच दिसतो. उमरेडकडचा एक पोरगा चार दिवसांपूर्वीच माझ्याकडे लागला होता. जे-बोल्टची (पत्रा आवळायच्या वाकड्या बोल्टची) पिशवी घ्यायला तो तीन पावलं बाजूला गेला. हार्नेस, म्हणजे पडताना अडवणारा दोरी-हुकाचा पट्टा, अंगावर होता. पण दोरी एकच होती, आणि जागा बदलताना त्याने हुक काढून हातात धरला होता. फायबर तुटल्याचा आवाज फार मोठा नव्हता, पापड मोडावा तसा. खाली पॅकिंगच्या खोक्यांचा ढीग होता म्हणून टाचेच्या हाडावर निभावलं.

दोन दोऱ्यांचा हार्नेस असता तर एक हुक कायम अडकलेला राहिला असता. तो मी घेतला नव्हता, कारण एका नगामागे चारशे रुपये वाचत होते. आणि त्या पोराची ईएसआयची नोंद "महिनाअखेर सगळ्यांची एकदमच करू" म्हणून ठेवली होती. ऑपरेशन, तीन महिन्यांची मजुरी, त्याच्या वडिलांचं रोजचं येणं-जाणं सगळं माझ्याकडून. नोंद वेळेत असती तर इलाज ईएसआयमधून झाला असता आणि घरी बसलेल्या दिवसांचे मजुरीच्या ९० टक्के पैसेही मिळाले असते. मालकाचा हिस्सा पगाराच्या ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५. एवढ्यासाठी मी थांबलो होतो. माणूस ज्या दिवशी कामावर येईल त्याच दिवशी नोंद करा, अंधार पडायच्या आत.

आता हार्नेसबद्दल, कारण दुकानदार हे सांगत नाही. इतवारीच्या बाजारात गेलात तर बेल्ट तीनशेलाही मिळतो. कमरेचा पट्टा घेऊच नका, पूर्ण अंगाचा घ्या, आणि त्यावर आयएस ३५२१ हा भारतीय मानकाचा नंबर बघा. हेल्मेटसाठी आयएस २९२५, बुटांसाठी आयएस १५२९८. शिक्का नसलेलं हेल्मेट म्हणजे नुसती प्लास्टिकची टोपी. एकदा झटका बसलेला हार्नेस फेकून द्यायचा, शिवण कितीही चांगली दिसली तरी. आमच्याकडे असा एक होता. पोरं त्याच्याने सामान बांधत होती. शेवटी मीच कात्रीने कापला, नाहीतर कोणी तरी परत घातला असता.

आणि एक हिशोब, जो मला फार उशिरा कळला. साधी दोरी जवळपास दोन मीटर. पडल्यावर शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे दोरीला जोडलेला झटका शोषणारा भाग, उघडतो, तो पावणेदोन मीटरपर्यंत लांबतो. त्यात माणसाची उंची आणि थोडी मोकळी जागा धरा. म्हणजे दोरी पायाजवळ अडकवली असेल तर खाली सहा मीटर तरी मोकळे पाहिजेत. चार मीटरच्या शेडवर असा माणूस शॉक ॲब्सॉर्बर पुरता उघडायच्या आधीच जमिनीवर आलेला असतो. म्हणून हुक नेहमी डोक्याच्या वर. तशी जागा नसेल तर लाइफलाइन, म्हणजे हुक अडकवायची ताणलेली तार, कुठे बांधायची ते साइट बघायला जाल त्याच दिवशी ठरवा. तिचा वायर, क्लॅम्प आणि बांधायचा अर्धा दिवस, हे रेटमध्ये यायला हवं. पडून लटकलेला माणूस मिनिटांच्या हिशोबात खाली आणावा लागतो, पट्ट्यांनी मांड्यांतलं रक्त अडतं. "लटकला तर उतरवणार कसा?" हा प्रश्न सेफ्टी ऑफिसर विचारतोच. शिडी कुठे आहे, कोण आणेल, एवढं तरी उत्तर तयार ठेवा.

परमिटकडे नवीन माणूस सहीचा कागद म्हणून बघतो. तो रोजचा करार आहे: आज, या जागेवर, इतक्या वाजेपर्यंत, एवढंच काम. जागा दहा फूट सरकली तरी परमिट नवं. वेल्डिंग-कटिंगच्या परमिटमध्ये काम संपल्यावर अर्धा तास आगीवर लक्ष ठेवणारा माणूस लिहिलेला असतो. ठिणगी पॅकिंगच्या कागदात जाऊन बसते आणि तुम्ही डबा उघडल्यावर पेटते. त्या अर्ध्या तासाची मजुरी कुणी रेटमध्ये धरत नाही, आणि म्हणून तो माणूस सगळ्यात आधी पळतो. सिलिंडर उभा आणि साखळीने बांधलेला पाहिजे. ॲसिटिलीनच्या सिलिंडरात आत ॲसिटोन असतं, आडवा करून वापरला तर ते नळीत येतं.

टाकी, पिट (खड्डा), सायलो (माल साठवायची उंच कोठी), यात उतरायचं काम नवीन असताना घेऊच नका, हे माझं स्पष्ट मत. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. गॅसची तपासणी आधीही आणि मधेमधेही. बाहेर एक माणूस सतत उभा, आणि आतला हातदिवा २४ व्होल्टच्या वर नको. हे सगळं असूनही मोठा धोका वेगळाच आहे: आतला पडला की बाहेरचा त्याला काढायला तसाच उडी मारतो, मग तिसरा. आपल्या लोकांमध्ये एकमेकांसाठी जीव टाकायची सवय आहे, आणि इथे तीच घात करते. बाहेरच्याला बजावून ठेवा, आत जायचं नाही, दोरी ओढायची आणि ओरडायचं.

दोन गोष्टी खास आपल्या नागपूरच्या. पहिली, खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूची पुडी. गेटवर झडती होते, पुडी सापडली की माणूस परत. पण खरी पंचाईत मेडिकलला होते. पोरगं कळमेश्वरहून पहाटे उपाशी निघतं, रस्त्यात दोन खर्रे होतात, आणि आठ वाजता बीपीचं मशीन १६०/१०० दाखवतं. हाइट पास नामंजूर, पोरगं हिरमुसलेलं, तुमचा एक गडी कमी. मी आता आदल्या रात्री सगळ्यांना फोन करतो: पोहे-तर्री खाऊन या, खर्रा घरी ठेवा. मिरगी येत असेल तर मला आधी सांगा, लपवू नका, खाली करण्यासारखंही भरपूर काम असतं. हे शेवटचं जरा हळूच, एकेकट्याला विचारावं लागतं. चारचौघांत कुणी कबूल करत नाही.

दुसरी, ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की पत्र्यावर हात टेकवत नाही. बारा ते चार वर कुणालाच चढवू नका. पण परमिट ऑफिस नऊला उघडतं, म्हणजे ऐन उन्हाच्या आधी तीनच तास मिळतात. कोटेशन देतानाच लेखी मागा की उन्हाळ्यात परमिट सहाला मिळालं पाहिजे. मागितलं तर बरेचदा देतात, न मागता कुणी देत नाही. नाही म्हणाले तर दिवस वाढवून धरा. माठ, ओआरएस, सावलीचं कापड, हाही खर्चच आहे. आणि दुपट्टा. आपण उन्हाळ्यात तोंडाला बांधतो तो पांढरा दुपट्टा हेल्मेटखाली ठीक आहे, पण त्याची सुटी टोकं ड्रिल मशीनजवळ नकोत. एकदा माझ्यासमोर टोक ड्रिलच्या फिरत्या चकमध्ये (बिट धरणाऱ्या भागात) गुंडाळलं गेलं. कापड जुनं होतं, टरकन फाटलं. नवं असतं तर मान गेली असती. आता आमच्याकडे दुपट्ट्याऐवजी मागे शिवलेला कपडा असलेली हेल्मेटं आहेत.

किरकोळ घटना लपवू नका. हातातला पाना खाली पडला, कुणाला लागला नाही, तरी लिहून द्या. मला वाटायचं, लिहिलं तर काम जाईल. उलट झालं. ज्या कंपनीत मी पहिल्यांदा असं लिहून दिलं तिथल्या सेफ्टी ऑफिसरने पुढच्या वेळी माझ्या माणसांच्या पाठीमागे फिरणं कमी केलं. ४ मार्चला सुरक्षा दिनाची शपथ, भाषणं, बक्षीस म्हणून टिफिन, हे सगळं होतं, व्हायलाही पाहिजे. आमच्या घरात असे पाच टिफिन आहेत. पण सकाळी काम सुरू होण्याआधी दहा मिनिटं पोरांना उभं करून "आज कुठे पाय घसरू शकतो?" विचारलं, तर जे ऐकायला मिळतं ते भाषणात नसतं. फायबरचे पत्रे दिसत नाहीत, वरून लाल पेंटने फुल्या मारू, ही कल्पना त्याच उमरेडच्या पोराची. तो आता माझा सुपरवायझर आहे. टाच थंडीत दुखते त्याची.

रेट काढताना मी वेगळं पान घेतो. ट्रेनिंगच्या दिवसाची सगळ्यांची मजुरी, मेडिकल, हार्नेस आणि लाइफलाइन, पत्र्यावर चालायच्या फळ्या, एक माणूस फक्त लक्ष ठेवायला, परमिटच्या रांगेतला रोजचा तास. पूर्वी हे सगळं मोघम नफ्यात ढकलायचो. आता कोटेशनमध्ये वेगळी ओळ टाकतो, म्हणजे पर्चेसवाला घासाघीस करतो तेव्हा त्याला नेमकं बोट ठेवून सांगावं लागतं की यातलं काय काढू. गेल्या महिन्यात एकाने सांगितलं, फळ्या काढा, दुसरा कंत्राटदार फळ्यांशिवाय करतो आहे. मी काढल्या नाहीत. काम त्याला गेलं. पुढच्या सोमवारी हिंगण्याला एक शेड बघायला चाललो आहे, टेप आणि लाल पेंटचा डबा घेऊन.