बाळ कुठून येतं? उत्तर देताना या चुका टाळा

तीन-चार वर्षांचं मूल पाऊस कुठून येतो हे ज्या सहजतेने विचारतं, त्याच सहजतेने बाळ कुठून येतं हेही विचारतं. गडबडतात ती मोठी माणसं. बालवाडीत शिकवताना पालकांच्या त्याच त्या चुका वर्षानुवर्षं पाहते आहे. त्या निस्तराव्या लागतात मुलांना, म्हणून हे लिहिते आहे.

थाप मारून वेळ मारून नेणं

देवाने दिलं, दवाखान्यातून विकत आणलं, आईने बी गिळली. सांगणारा सुटतो, पण या वयाचं मूल प्रत्येक शब्द खरा धरतं आणि त्यावर पुढचा विचार रचत जातं.

आमच्या वर्गातली चार वर्षांची एक मुलगी अचानक भरलेला डबा तसाच परत न्यायला लागली. घरीही दोन घासांत उठायची. लाडीगोडी झाली, रागावून झालं, डॉक्टरांना दाखवून झालं, कारण सापडेना. मग एकदा खेळताना ती बाहुलीला दटावत होती, "जास्त नको खाऊस, पोटात बाळ होईल." तिची आई गरोदर होती आणि घरातल्या कोणीतरी गमतीत सांगून टाकलं होतं की आईने खूप खाल्लं म्हणून पोटात बाळ आलं. पोरगी तेव्हापासून प्रत्येक घासाला घाबरत होती.

आईला बोलावलं आणि आम्ही तिघींनी मिळून चित्र काढलं. अन्न जातं ती पिशवी वेगळी आणि बाळ वाढतं ती वेगळी. त्या दुसरीला गर्भाशय म्हणतात. खाल्लेला घास तिथे जात नाही. बाळाला लागेल ते आईच्या रक्तातून नाळेवाटे मिळतं, आणि नाळ जिथे जोडलेली असते तिथे पुढे बेंबी राहते. फ्रॉक वर करून तिने स्वतःची बेंबी नीट तपासली. मग विचारलं, "माझ्यात येईल?" त्यासाठी शरीर मोठं व्हावं लागतं, लहान मुलीला बाळ होत नाही, असं आईने सांगितलं. तरीही जेवण पूर्ववत व्हायला बरेच दिवस गेले.

"पोटात बाळ आहे" म्हणायला हरकत नाही, पण त्याला जोडूनच गर्भाशयाचं सांगा. शब्द अवघड वाटतो तो मोठ्यांना. डायनासोरांची लांबलचक नावं पाठ करणारी मुलं हाही सहज उचलतात.

एका बैठकीत सगळं उरकणं

ही चूक उत्साही पालकांची. मुलाने एक प्रश्न विचारला की हे रात्री वाचन करतात आणि सकाळी बीजांडापासून बाळंतपणापर्यंत सगळं ऐकवतात. काहीजण तर मोबाइलवर व्हिडिओ लावून देतात आणि उठून जातात. मला हे अजिबात पटत नाही. व्हिडिओ मुलाचा चेहरा पाहून थांबत नाही.

माझी सवय अशी: आधी "तुला काय वाटतं?" असं विचारायचं. मुलाला काय माहीत आहे आणि डोक्यात काय घोळ आहे, ते तिथेच कळतं. मग एका वाक्यात उत्तर द्यायचं आणि गप्प बसायचं. बाळ कुठे असतं? गर्भाशयात, साधारण नऊ महिने. तिथे कसं आलं? आईच्या शरीरातलं स्त्रीबीज आणि बाबांच्या शरीरातला शुक्राणू एकत्र आले की बाळ वाढायला लागतं. स्त्रीबीज सुमारे 0.1 मिलिमीटरचं असतं. पेन्सिलीने बारीक ठिपका काढून "एवढंसं" म्हटलं की मुलं हरखतात. बाहेर कसं येतं? आईच्या योनीमार्गातून, तो तेव्हा ताणला जातो. किंवा डॉक्टर पोटावर छेद देऊन काढतात, आणि दुखू नये म्हणून आधी औषध देतात. हे शेवटचं विसरू नका, मुलं छेदालाच घाबरतात.

पुष्कळदा मूल पहिल्याच वाक्यावर खेळायला पळतं. पळू द्या. महिन्याभराने तोच प्रश्न आला तर पुन्हा तितक्याच शांतपणे सांगा.

बाकीच्या चुका थोडक्यात. मुलाचा प्रश्न पाहुण्यांसमोर विनोद म्हणून सांगू नका. पुढचा प्रश्न ते तुम्हाला विचारणार नाही. "आईला विचार" म्हणून बाबांनी अंग काढून घेऊ नये. अवयवांना लाडाची नावं देऊ नका. तिथे दुखलंखुपलं किंवा कोणी नको तसा हात लावला तर मुलाला नेमकं सांगता आलं पाहिजे. मूल दत्तक असेल तर ते दुसऱ्या बाईच्या गर्भाशयात वाढलं, हेही याच वयापासून सांगा.

थाप आधीच मारून झाली असेल तर

मूल विसरेल म्हणून वाट पाहू नका. स्वतःहून विषय काढा: "तुला मागे सांगितलं होतं ते खरं नव्हतं. खरं काय ते आता सांगते." आजी-आजोबांनाही नवं उत्तर सांगून ठेवा, नाहीतर मूल पडताळायला त्यांच्याकडे जातं आणि जुनीच गोष्ट ऐकून येतं. "मग खोटं का सांगितलंस?" असं विचारलं तर, "कसं सांगायचं ते मला सुचलं नव्हतं," एवढंच म्हणा. मूल रागावलं तर रागावू द्या, आणि त्या दिवशी उरलेलं काही समजावत बसू नका.