अपघातानंतर भरपाई हवी असेल तर पुरावे आधी जपा

पहिलं काम डॉक्टर, बाकी सगळं नंतर. बरं वाटतंय म्हणून तसेच घरी जाऊ नका, डोक्याला किंवा मणक्याला लागलेलं कधीकधी दुसऱ्या दिवशी कळतं आणि उशिरा दाखवलं की विमा कंपनी सरळ म्हणते हे अपघातामुळे झालंच नाही. जमत असेल तर गाड्या हलवायच्या आधी फोटो काढा, टायरच्या खुणा, सिग्नल, नंबर प्लेट सगळं, आणि बघणाऱ्यांचे फोन नंबर घ्या. सीसीटीव्ही फुटेज लगेच मागा, थोड्याच दिवसांत त्यावर नवीन रेकॉर्डिंग होतं. पोलिसांत नोंद कराच.

भरपाई म्हणजे फक्त हॉस्पिटलचं बिल नाही हो! बुडालेला पगार, पुढची फिजिओथेरपी, अपंगत्व आलं तर कमी होणारी कमाई, सोसलेला त्रास, बहुतेक ठिकाणी हे सगळं मागता येतं. घरी सांभाळायला माणूस ठेवलात तर त्याचीही पावती ठेवा.

आणि प्लीज, उपचार संपायच्या आत 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या कागदावर सही नको, नंतर ऑपरेशन निघालं तर सहसा काही मागता येत नाही. थोडी चूक तुमची असली तरी बऱ्याच देशांत क्लेम बुडत नाही, तेवढा हिस्सा कापतात. दाव्याला मुदत असते, वकिलाला पहिल्याच भेटीत ती विचारून घ्या.