अन्नप्रक्रिया कारखान्यातील स्वच्छता आणि पोशाख : या चुका टाळा

तयार मालाच्या पाकिटात केस सापडल्याची तक्रार आली, की बहुतेक कारखान्यांत पहिली सूचना कामगारांच्या नावाने निघते. हेअरनेट नीट घाला, हात धुवा, दागिने घालू नका, असा कागद फलकावर पुन्हा एकदा लागतो आणि काही आठवड्यांनी तशीच तक्रार पुन्हा येते. अशा तक्रारींच्या मुळाशी गेले तर केवळ कामगाराचा निष्काळजीपणा क्वचितच हाती लागतो. कुठे बेसिन चुकीच्या जागी असते, कुठे गणवेशाचे जोड अपुरे असतात, तर कुठे आजारी असल्याचे सांगितले की दिवसाची मजुरी बुडते. म्हणून पुढील प्रत्येक चुकीपाशी ती मुळात का घडते, हे आधी पाहिले आहे.

हात धुतले जातात, पण पुरेसे नाही

हात ओले करणे, साबण लावणे, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांच्या कडा चोळणे, धुणे आणि कोरडे करणे या सगळ्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ४० ते ६० सेकंद लागतात. आता चहाच्या सुट्टीनंतर ४० कामगार एकदम परत येत आहेत आणि उत्पादन विभागाच्या दाराशी दोनच नळ आहेत असे धरा. प्रत्येकाने ४५ सेकंद घेतले, तर रांगेतला शेवटचा कामगार १५ मिनिटांनी आत पोहोचेल. लाइन सुरू करण्याची घाई असलेला सुपरवायझर तेवढे थांबत नाही आणि मग कामगार पाण्याखालून बोटे फिरवून पुढे सरकतो. येथे आणखी एक प्रशिक्षण घेऊन काहीही साधणार नाही. नळ वाढवावे लागतील किंवा सुट्ट्या गटागटाने द्याव्या लागतील.

नळ कोपराने, गुडघ्याने किंवा सेन्सरने चालणारा असावा, कारण मळक्या हाताने सुरू केलेला नळ धुतलेल्या हाताने बंद केला, की धुण्याचा उपयोग तिथेच संपतो. पाणी गारठवणारे असेल किंवा साबणाने हातांना भेगा पडत असतील, तर धुण्याचे प्रमाण आपोआप घटते आणि भेगाळलेल्या त्वचेत जंतूही अधिक टिकतात. हात कोरडे करण्याकडे तर फारच दुर्लक्ष होते. ओल्या हातांवरून जंतू कोरड्या हातांपेक्षा कितीतरी सहज दुसरीकडे जातात. कागदी टॉवेल शिफ्टच्या मध्यावर संपले, की हात ॲप्रनलाच पुसले जाणार हे गृहीत धरावे आणि ते भरण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीकडे द्यावी.

हात खरोखर धुतले जातात का, हे तपासण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे साबणाचा हिशेब. एका वेळी किती मिलिलिटर साबण लागतो, दिवसातून किती वेळा हात धुणे अपेक्षित आहे आणि कामगार किती आहेत, यांचा गुणाकार करून महिन्याचा अपेक्षित खप काढावा आणि तो भांडारातून प्रत्यक्ष गेलेल्या साबणाशी ताडून पाहावा. हात धुतल्याच्या सहीच्या तक्त्यापेक्षा हा आकडा अधिक विश्वासार्ह आहे, असे माझे मत आहे.

सॅनिटायझर हा धुण्याला पर्याय नाही. हातावर तेल, पीठ किंवा मळ असेल तर अल्कोहोल नीट काम करत नाही. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूवर त्याचा परिणाम अपुरा असतो आणि काही जिवाणूंचे बीजाणू त्याने मरतच नाहीत. ॲलर्जीच्या बाबतीत तर ही चूक जीवघेणी ठरू शकते. शेंगदाण्याची किंवा दुधाची प्रथिने सॅनिटायझरने हातावरून निघून जात नाहीत, ती साबण आणि पाण्यानेच धुवावी लागतात. एका उत्पादनावरून दुसऱ्याकडे जाणाऱ्या कामगाराला हे कारणासह सांगितले पाहिजे.

हातमोज्यांवर अवाजवी विश्वास

पॅकिंगच्या टेबलापाशी थोडा वेळ उभे राहून एकाच माणसाच्या हातांकडे पाहावे. हातमोजे घातलेला तो कामगार जमिनीवरचा खोका उचलून टेबलावर ठेवतो, मास्क खाली सरकवून शेजाऱ्याला काही सांगतो, मास्क वर घेतो आणि त्याच हातांनी पुन्हा उघडा माल उचलतो. उघड्या हातांनी त्याने हेच केले असते तर हात चिकट झाल्याचे त्याला जाणवले असते. हातमोज्यात ती जाणीव राहत नाही. त्यामुळे हातमोजे कधी बदलायचे याचे नियम हात धुण्याच्या नियमांइतकेच स्पष्ट हवेत: फाटल्यावर, जमिनीला, चेहऱ्याला किंवा कचऱ्याला हात लागल्यावर, कच्च्या मालाकडून तयार मालाकडे जाताना आणि प्रत्येक सुट्टीनंतर. घालण्यापूर्वी हात धुवावेत आणि काढल्यावरही धुवावेत, कारण आत घाम साचतो आणि डोळ्यांना न दिसणारी छिद्रे अनेकदा असतात. हातमोजे निळे निवडण्यामागे कारण आहे. निळे अन्न जवळजवळ नसतेच, त्यामुळे तुकडा पडला तर तो चटकन दिसतो. जखमेवरच्या पट्ट्याही त्याच कारणाने निळ्या असतात आणि मेटल डिटेक्टरमध्ये सापडाव्यात म्हणून त्यांत धातूचा पातळ थर असतो. पट्टी दिल्याची आणि शिफ्ट संपताना ती परत मिळाल्याची नोंद ठेवली नाही, तर या सोयीचा अर्धा फायदा वाया जातो.

पोशाख चुकीच्या क्रमाने, चुकीच्या जागी

निरोगी माणसाचे दिवसाला साधारण ५० ते १०० केस गळतात. कामगाराने आधी कोट घातला आणि मग हेअरनेट चढवले, तर चढवताना सुटलेले केस खांद्यांवर पडून राहतात आणि वाकल्यावर मालात जातात. म्हणून आधी हेअरनेट आणि दाढीची जाळी, मग कारखान्यातील पादत्राणे, हात धुणे, त्यानंतर स्वच्छ कोट आणि आत शिरताना पुन्हा हात, असा क्रम ठेवावा. जाळीत कान आणि मानेवरचे केसही झाकले जावेत. कपडे बदलण्याच्या खोलीत आरसा नसेल तर हे कामगाराला स्वतः तपासता येत नाही. एवढी स्वस्त गोष्ट बसवायची राहून गेलेली पाहिली की खेद वाटतो.

कोटाची निवड खरेदी विभागावर सोडली, की साधा शर्टासारखा कोट येतो. अन्न कारखान्यांतील स्वच्छतेविषयीच्या २००९ च्या आयएसओ/टीएस २२००२-१ या आंतरराष्ट्रीय मानकात कामाच्या पोशाखाला बटणे नसावीत आणि कमरेच्या वर बाहेरून खिसे नसावेत असे सांगितले होते, ते अनुभवातून आले आहे. छातीच्या खिशातले पेन मिक्सरवर वाकताना पडते आणि सैल झालेले बटण धातूचे नसेल तर मेटल डिटेक्टर त्याला ओळखत नाही. त्याऐवजी चाप किंवा चेन असलेला, आतल्या कपड्यांच्या बाह्या पूर्ण झाकणारा कोट घ्यावा. घड्याळ, अंगठी, बांगडी आणि धागा यांवर बंदी घालताना त्या सुरक्षित ठेवायला कुलूप असलेली जागाही द्यावी, नाहीतर त्या बाहीखाली लपवल्या जातात.

कोट घालून स्वच्छतागृहात जाणे ही नेहमी आढळणारी चूक आहे. ती थांबवायची असेल तर स्वच्छतागृहाच्या वाटेवर, दाराच्या बाहेर, कोट अडकवण्याचे खुंट्यांचे रॅक हवे. आत शिरल्यावर खुंटी दिसली, तर उशीर झालेला असतो. लॉकरमध्ये घरचे कपडे आणि कोट एकत्र ठेवले जात असतील, तर कप्प्याला उभी फळी लावावी किंवा दोन वेगळे कप्पे द्यावेत.

धुलाईचा प्रश्न त्याहून मोठा आहे. कोट घरी धुवायला दिला, की तो कोणत्या कपड्यांबरोबर, किती गरम पाण्यात धुतला गेला आणि कशात गुंडाळून परत आला, हे कारखान्याला कधीच कळत नाही. ब्रिटनमध्ये रुग्णालयातील कपड्यांच्या निर्जंतुकीकरणासाठी ६५ अंश सेल्सिअसला किमान १० मिनिटे किंवा ७१ अंशांना किमान ३ मिनिटे अशी पद्धत आहे. त्यावरून घरच्या साध्या धुण्यापासून किती अपेक्षा करता येते हे लक्षात येते. तयार, थेट खाण्याजोगा माल हाताळणाऱ्या विभागाचे कोट तरी कारखान्याच्या देखरेखीखालीच धुवावेत. एकाच कामगाराला दोनच कोट दिले असतील, तर एक धुलाईत अडकल्यावर मळका कोट दुसऱ्या दिवशीही अंगावर चढणार, त्यामुळे जोडांची संख्या धुलाईच्या फेरीवरून ठरवावी.

बूट आणि विभाग

लिस्टेरिया मोनोसायटोजिनीस हा जिवाणू फ्रीजच्या तापमानालाही वाढतो आणि ओल्या फरशीत, गटारांच्या जाळ्यांत तळ ठोकतो. कच्च्या विभागातले गमबूट तयार मालाच्या विभागात गेले, तर तो त्यांच्याबरोबर जातो. विभागानुसार बुटांचे आणि कोटांचे रंग वेगळे ठेवले, की चुकीच्या जागी आलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. बूट बुडवण्यासाठी दाराशी ठेवलेल्या जंतुनाशकाच्या उथळ हौदावर मात्र विसंबू नये. त्यात चिखल आणि चरबी साचली की त्यातल्या क्लोरीनची ताकद झपाट्याने घटते. पिठाच्या किंवा भुकटीच्या कोरड्या विभागात तर तो नकोच, कारण तिथे ओलावा नेणे म्हणजे सुप्त जिवाणूंना वाढण्याची संधी देणे होय. तिथे बूट बदलणे हाच उपाय आहे.

आजार लपवला जाणे

अन्नस्वच्छतेच्या सामान्य तत्त्वांविषयीच्या कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणारी संस्था) दस्तऐवजात कावीळ, जुलाब, उलटी, ताप, तापासह घसादुखी, पू झालेली जखम आणि कान, डोळा किंवा नाकातून होणारा स्राव ही लक्षणे कामगाराने व्यवस्थापनाला कळवावीत असे म्हटले आहे. नोरोव्हायरसच्या संसर्गाला अगदी थोडे विषाणू पुरतात आणि उलट्या-जुलाब थांबल्यावरही ते विष्ठेतून बाहेर पडत राहतात, म्हणून लक्षणे थांबल्यावर किमान ४८ तास उघड्या मालापासून दूर ठेवण्याची पद्धत अनेक देशांत आहे. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू साधारण २० ते ३० टक्के निरोगी लोकांच्या नाकात असतो आणि पिकलेल्या जखमेत मोठ्या संख्येने असतो. तो अन्नात वाढून विष सोडतो आणि पुढे अन्न उकळले तरी ते विष टिकून राहते, त्यामुळे नंतर शिजवले जाईल हा आधार इथे चालत नाही.

इतके सगळे सांगूनही खाडा झाल्यावर मजुरी कापली जात असेल, तर पोट बिघडलेला कामगार गप्प राहील आणि त्याबद्दल त्याला दोष देणे न्यायाचे नाही. आजारपणाची भरपगारी रजा देता येत नसेल, तर निदान त्या दिवसांत उघड्या मालापासून दूरचे, खोके मोजण्याचे किंवा लेबले तपासण्याचे काम द्यावे. त्याची मजुरी चालू राहील आणि मालही वाचेल.

नियमातून सुटणारी माणसे

मशीन दुरुस्त करणारा मेकॅनिक, मालाचा नमुना घ्यायला येणारा प्रयोगशाळेचा माणूस आणि पाहुण्यांना फिरवणारे अधिकारी यांना हेच नियम तसेच्या तसे लागू करावेत. मेकॅनिक एका शिफ्टमध्ये कच्च्या आणि तयार मालाच्या दोन्ही विभागांत फिरतो, म्हणून त्याच्या हत्यारांच्या पेट्याही विभागानुसार वेगळ्या ठेवाव्यात आणि काम संपल्यावर त्याने खोललेले स्क्रू व नट मोजून परत घ्यावेत. हातांच्या स्वॅब तपासणीत (हातांवर बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्यातील जंतूंच्या तपासणीत) एखाद्या लाइनचे निकाल वारंवार बिघडत असतील, तर कामगारांची नावे काढण्याआधी त्या लाइनजवळचा नळ, साबण, टॉवेल आणि त्या आठवड्यातल्या दुरुस्तीच्या नोंदी याच क्रमाने पाहाव्यात.