गंजलेल्या जुन्या गाडीची बॉडी घरच्या गॅरेजमध्ये दुरुस्त करताना

जुन्या गाडीच्या रंगाला फोड आला की समजा, गंज बहुतेक वेळा आतून बाहेर आला आहे. दाराच्या तळाशी, सिलच्या, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीच्या आत, व्हील आर्चच्या, म्हणजे चाकावरच्या कमानीच्या दुहेरी पत्र्यामध्ये पाणी आणि चिखल साचतो, पत्रा आतल्या बाजूने खाल्ला जातो आणि शेवटचा पापुद्रा उरला की रंग फुगतो. त्यामुळे फोड दिसतो त्याच्या दुप्पट-तिप्पट जागा कापावी लागेल असं धरूनच कामाला हात घाला. आणि प्रत्येक भोकापाशी कटर लावण्याआधी शोधा, की इथे पाणी येतं कुठून. ते कळलं नाही तर नवा पत्राही जुन्याच वाटेने जाईल.

आधी तपासणी

पातळ फडक्यात गुंडाळलेलं चुंबक सगळ्या बॉडीवरून फिरवा. जिथे पकड ढिली पडते तिथे खाली लांबीचा (खड्डे भरायच्या पुट्टीचा) जाड थर किंवा शिसं भरलेलं असतं. मग बोथट स्क्रूड्रायव्हर घेऊन खालच्या भागांवर ठोकत, टोचत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द आवाज करतो आणि टोक आत जातं. सिल, जॅक लावायच्या जागा, स्प्रिंग आणि शॉकअॅब्सॉर्बर बसतात ते भाग, सीटबेल्टचे बोल्ट, पुढच्या पिलरचा (छत पेलणाऱ्या खांबाचा) पाया, बॅटरीचा ट्रे, डिक्कीतला स्टेपनीचा खड्डा आणि काचेच्या रबराखालची कड या जागा अजिबात सोडू नका.

तळाचा पत्रा कोणत्या बाजूने गंजला आहे हे नीट पाहा. वरून, म्हणजे कार्पेटखालून गंजला असेल तर दोष पुढच्या काचेच्या रबराचा, हीटरच्या गळतीचा किंवा दाराच्या आतल्या फाटलेल्या प्लॅस्टिकचा. खालून गंजला असेल तर दगडांनी कोटिंग उडालं आहे किंवा जुनं डांबरी कोटिंग सुटून त्यामागे पाणी अडकलं आहे. बॅटरीच्या ट्रेखालचा पत्रा अॅसिडने खाल्लेला असतो. तो आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, नाहीतर नवा रंग टिकत नाही.

दोन्ही सिल, स्प्रिंगचे माउंट आणि पिलरचे पाय असं सगळंच एकदम गेलं असेल, तर त्याच मॉडेलची बरी बॉडी शोधणं शहाणपणाचं. घरच्या गॅरेजमध्ये अशी गाडी सरळ उभी राहील याची खात्री देता येत नाही.

सोडवणं आणि आधार देणं

प्रत्येक जोड सोडण्याआधी फोटो काढा. नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत घालून वर चिठ्ठी लावा. बॅटरी काढा, अल्टरनेटरचं कनेक्शन सोडा. पेट्रोलची टाकी गॅरेजमध्ये ठेवूच नका. रिकामी टाकी आतल्या वाफेमुळे भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. वेल्डिंगच्या जागेपासून निदान हातभर अंतरापर्यंतची कार्पेट, आवाजरोधक थर, वायरिंग आणि रबर काढून टाका.

पुढचा टप्पा पुष्कळ जण घाईत उरकतात आणि गाडी वाकडी करून बसतात. ज्या गाड्यांना वेगळी चासी नसते त्यांच्यात सिल म्हणजेच कणा. तो कापला की बॉडी मधून खाली बसते आणि मग दार लागत नाही. उघड्या छताच्या गाडीत तर हे फार लवकर होतं. म्हणून गाडी समपातळीवर, चाकांचा भार जिथे बॉडीवर येतो तिथेच स्टँडवर उभी करा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली जाऊ नका. दाराच्या चारही बाजूंच्या फटी मोजून, मास्किंग टेप लावून त्यावरच लिहून ठेवा. मग २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप पुढच्या पिलरपासून मागच्या पिलरपर्यंत आडवा आणि एक तिरका असा वेल्डिंगच्या छोट्या टाक्यांनी जोडा. डाव्या-उजव्या पिलरमध्येही एक पाइप घाला. पाइप दाराच्या आतल्या बाजूला घ्या, म्हणजे दार लावून फट तपासता येते. एका वेळी एकच बाजू कापा, आणि ती पूर्ण वेल्ड होईपर्यंत दुसरीला हात लावू नका.

गंज काढणं

ग्राइंडरला लावायचा वायर ब्रश मोकळा गंज उडवतो, पण घट्ट गंज नुसता घासून चकचकीत करतो. तो पत्र्यासारखा दिसतो आणि फसवतो. सपाट भागाला स्ट्रिप डिस्क, म्हणजे रंग-गंज खरवडणारी जाळीदार चकती चांगली. चष्म्यावर पूर्ण चेहऱ्याची ढाल लावा, कारण वायर ब्रशच्या तारा सुटून उडतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तेव्हा धुळीसाठी साधा कापडी मास्क चालत नाही. पी-३ किंवा त्याच दर्जाचा फिल्टर हवा.

सँडब्लास्टिंगचा मोह फार होतो. चासी, सस्पेन्शनचे भाग, बिजागऱ्या यांना ते उत्तम. पण छत, बॉनेट आणि दाराचा बाहेरचा पत्रा वाळूच्या माऱ्याने ताणला जातो आणि त्याला लाटा येतात, त्या मग ठोकून सहसा बसत नाहीत. शिवाय वाळू पोकळ्यांत शिरली तर ऐन रंगाच्या वेळी बाहेर पडते. छोटे सुटे भाग उसाच्या मळीत बुडवून ठेवा: एक भाग मळी, नऊ भाग पाणी, दोन-तीन आठवडे. वास येतो, पण चांगल्या पोलादाला फारसा धक्का न लावता गंज सुटतो. त्यात अॅल्युमिनियम किंवा जस्ताचे ओतीव भाग मात्र टाकू नका.

फॉस्फोरिक अॅसिडचं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजावर लावायचं रसायन, फक्त ब्रश पोचत नाही अशा बारीक खड्ड्यांसाठी. ते लावून वरून थेट इपॉक्सी प्रायमर मारला तर उरलेल्या अॅसिडमुळे प्रायमर नीट धरत नाही. डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन, सुकवून मगच पुढे जा.

कापणं आणि वेल्डिंग

गंजाच्या कडेपासून २५ मिलिमीटर पुढे, चांगल्या पत्र्यात कापा. पातळ झालेल्या पत्र्यावर वेल्ड टिकत नाही, त्याला नुसती भोकं पडत जातात. कोपरे गोल ठेवा. काटकोनी कोपऱ्यात उष्णता साठते आणि तिथूनच तडा जातो. कारखान्याचे स्पॉट वेल्ड (ठिपक्यांचे जोड) ८ मिलिमीटरच्या स्पॉट वेल्ड ड्रिलने फक्त वरच्या पत्र्यापुरते कापा, म्हणजे खालचा पत्रा शाबूत राहतो.

नव्या तुकड्याचा नमुना आधी पुठ्ठ्यावर काढा. बाहेरच्या बॉडीला ०.८ ते १ मिलिमीटर, तळाला १.२ आणि भार घेणाऱ्या भागांना मूळ जाडीइतका, साधारण १.५ ते २ मिलिमीटरचा पत्रा घ्या. जुन्या भोकावर तुकडा नुसता चिकटवून देणं सोपं, पण दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी शिरतं आणि दोन्ही एकदम गंजतात. दिसणाऱ्या भागात तुकडा कडेला कड लावूनच बसवा, मध्ये वेल्डिंगच्या वायरच्या जाडीएवढी, म्हणजे जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर फट ठेवून. फट मोठी झाली तर मागे तांब्याची पट्टी धरा. तांब्याला वेल्ड चिकटत नाही.

मिग वेल्डरला (वायर आपोआप पुढे सरकवणाऱ्या वेल्डिंग मशीनला) ०.६ मिलिमीटरची वायर आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण, गॅसचा प्रवाह मिनिटाला ८ ते १० लिटर. गॅसशिवाय चालणारी फ्लक्सची वायर पातळ पत्र्याला फार गरम पडते. आधी त्याच जाडीच्या दोन भंगार तुकड्यांवर सेटिंग बसवा आणि तो जोड शिकंज्यात धरून हातोडीने वाकवा. वेल्ड सुटून आला तर आत शिरलाच नव्हता. पत्रा वेल्डच्या बाजूने फाटला तर सेटिंग बरोबर.

मग टाके मारा: एक या टोकाला, पुढचा त्या टोकाला, नंतर मधोमध, असं करत टाक्यांमधलं अंतर २५ मिलिमीटरवर आणा. त्यानंतर एकेक टाका भरत जा, पण शेजारी शेजारी नाही, आणि प्रत्येक वेळी आधीचा टाका हाताला सोसवेल इतका थंड होऊ द्या. सलग वेल्ड ओढली की पत्रा आकसतो आणि दाराला पोचा आल्यासारखा खड्डा पडतो. थोडा आकसला असेल तर वेल्डची रेघच मागे डॉली (लोखंडी ठोकळा) धरून हातोडीने हलकेच ठोकून पसरवता येते. ओल्या फडक्याने थंड करायची घाई करू नका. ग्राइंडरने रेघ घासतानाही हेच: एका जागी दाबून धरलं तर वेल्डिंगमध्ये वाचवलेला पत्रा इथे वाकतो.

दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे वरच्या पत्र्याला ६ ते ८ मिलिमीटरची भोकं पाडून प्लग वेल्ड करा, म्हणजे ती भोकं वेल्डने भरा, आणि मधल्या बाजूंना आधी वेल्डिंगला चालणारा जस्ताचा प्रायमर मारा. पत्रा पुसायला क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर वापरू नका. वेल्डिंगच्या उष्णतेत त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. काम थांबल्यावर निदान अर्धा तास तिथेच थांबा. पोकळीतलं जुनं मेण किंवा कार्पेटचा धागा धुमसत राहतो आणि माणूस गेल्यावर पेट घेतो.

लांबी, प्रायमर, रंग

उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका, दमट हवेत सकाळपर्यंत त्यावर तांबूस झाक येते. ८० ते १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, ग्रीस रिमूव्हर एका फडक्याने लावून ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा आणि इपॉक्सी प्रायमर मारा. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सिअस वर हवं.

लांबी इपॉक्सीवर, जास्तीत जास्त २-३ मिलिमीटर. त्याहून जाड लागत असेल तर पत्रा अजून ठोकायचा राहिला आहे. वेल्डच्या रेघेवर आधी फायबर मिसळलेली लांबी लावा, साधी लांबी पाणी शोषते. याच कारणाने उघडी लांबी पाणी लावून घासायची नाही. तेच पाणी पुढे रंगाखाली फोड होऊन वर येतं. हार्डनर वजनाने साधारण २ टक्के. जास्त घातला तर लांबी लवकर घट्ट होते, पण त्याचा डाग वरच्या रंगातून दिसू शकतो.

पुढे हाय-बिल्ड (जाड थराचा) प्रायमर, त्यावर काळ्या रंगाचा हलका फवारा, आणि लांब ब्लॉकवर ३२० नंबर. काळं उरलं ते खड्डे, पत्रा उघडा पडला ते उंचवटे. शेवटच्या टू-के, म्हणजे हार्डनर मिसळायच्या रंगात आयसोसायनेट हे घातक रसायन असतं, त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर हा एक टप्पा रंगाच्या बूथवाल्याकडे द्या, त्यात कमीपणा काही नाही.

पोकळ्या

पत्र्यांच्या सांध्यांत पॉलियुरेथेन सीलर प्रायमरवर, रंगाच्या आधी भरा. पाणी निघायची भोकं मात्र त्यात बुजवू नका. रंग पुरता वाळल्यावर सिल, दारं, पिलर आणि चासीच्या पोकळ्यांत लांब नळीने, सगळीकडे फवारणाऱ्या नोझलने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारा. नळी शेवटपर्यंत सरकवा आणि फवारत हळूहळू बाहेर ओढा. दिवस उबदार असेल तर वॅक्स सांध्यांत खेचलं जातं. पहिला हात वाळल्यावर दुसरा द्या. बाहेर ठिबकायचं थांबलं की खालच्या प्रत्येक भोकात तार घालून ते मोकळं करा आणि मगच दारांचे आतले ट्रिम बसवा.