मृगाआधी हरळीचे लाड नकोत

लातूरच्या घरापुढं दहा बाय पंधरा फुटांत हरळी लावली, तेव्हा मामंजी पायरीवर बसून हसले. "जन्मभर कुळवून काढली, आन् सून विकत आणून लावतीय!" मला ते लागलं, पण खरंही वाटलं. शेतात मरता मरत नाही त्या गवताला उन्हाळ्यात पाणी कशाला पाजायचं?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. त्या उन्हाळ्यात मी हरळीला तांब्याभरही पाणी घातलं नाही. ती वाळून कोळ झाली, पण पाऊस लागल्यावर जमिनीतल्या काड्यांना कोंब फुटलेच. तेव्हापासून मार्च ते मे भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी मोगऱ्याला नि जास्वंदीला, तेही बुडाशी पाचट अंथरून. हरळीला काही नाही. फक्त वाळलेल्या गवतावर गाडी लावू देऊ नका.

आपल्या काळ्या रानाला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यांत माती नि चाळलेलं शेणखत मिसळून भरा. शेणखत जुनं, भुसभुशीत, वास न येणारं हवं. मी एकदा ओलं खत टाकलं आणि त्याबरोबर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी अळी, आली. मुळं खाल्लेलं गवत सतरंजीसारखं उचलून हातात आलं.

हुमणीचे भुंगेरे पहिल्या मोठ्या पावसानंतर तिन्हीसांजेला कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. तेव्हाच बल्ब लावून खाली रॉकेल टाकलेल्या पाण्याची बादली ठेवा. अंडी घालून झाल्यावर बादलीचा उपयोग नाही.

नवी हरळी लावायची तर पाऊस लागल्यावर, वीतभर अंतरानं. चिखलात पाय घालू नका, काळी माती दबून दगड होते. कापताना एका वेळी उंचीचा तिसरा हिस्साच काढा. हिवाळ्यात वाढ जवळजवळ थांबते, कापणीही थांबवा. तेवढ्यात मोगरा छाटून घ्या.

खरी डोकेदुखी लव्हाळा या तणाची. वरून उपटला तर खालची गाठ राहते नि दुप्पट येतो. पाऊस उघडल्यावर माती वापशावर, म्हणजे ना चिखल ना कोरडी, असताना खुरपं खोल घालून गाठीसकट काढायचा. हे काम मामंजी करतात. सवयीनं मधूनच हरळीही उपटतात, मग माझ्याकडं बघून गुपचूप परत खोचतात.